पाचव्या पडद्यावर

हल शहरात, हेसल रोडच्या मागे
माझं दुरुस्तीचं दुकान. भिंतीला भिंत लावून
मासळी धुरावणारा कारखाना,
म्हणून इथल्या प्रत्येक गिटारीला
थोडा हॅडकचा वास येतो. कुणी तक्रार करत नाही.

क्लिफर्ड स्टॅदर्स आला नोव्हेंबरात.
बेस त्याने काउंटरवर ठेवली नाही,
धरूनच उभा राहिला,
दवाखान्यात मूल कडेवरून उतरवत नाहीत तसा.
त्रेचाळीस वर्षं झाली. मूळ रंग लाल होता म्हणे;
मनगट टेकतं तिथे आता नुसतं लाकूड,
उंबऱ्यासारखं झिजलेलं.
तारा चौऱ्याऐंशी सालच्या.
"त्या बदलायच्या नाहीत,"
हे त्याने आधी सांगितलं, नाव नंतर.

दुखणं साधं. आत एक वायर सुटलेली, खरखर.
दहा मिनिटांचा डाख.
पण तपासताना कानाला खटकलं:
सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या पडद्याला
सूर उठतो आणि तिथल्या तिथे बसतो,
ओल्या काडीसारखा.

माझे वडील मिरजेचे.
तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा केसभर सरकवत
अख्खी दुपार घालवायचे; जवारी खुलली
तर गिऱ्हाइकाला चहा,
नाहीतर कुणालाच नाही.
त्यांची मुलगी मी. मुका सूर दिसला
आणि हात शिवशिवले.

न विचारता
मानेच्या टोकाला, मागच्या बाजूने,
सत्तर ग्रॅम पितळ बसवलं.
सूर वाजला. लांब, गोल,
धुक्यातल्या भोंग्यासारखा.
एकटीच हसले मी.

शुक्रवारी क्लिफर्डने वाजवून पाहिली.
डावा हात पाचव्या पडद्यापाशी आला,
थबकला,
आणि शेजारच्या जाड तारेवरून
घसरत दहाव्यावर गेला.
सूर तोच, लांबच्या वाटेने.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
ती घसरण! क्लबात लोक जिच्यासाठी
हातातला ग्लास खाली ठेवतात,
जिच्यावर मॉरीन पहिल्यांदा
खुर्चीतून उठली होती नाचायला,
ती मुळात वळसा होती.
खड्डा चुकवता चुकवता पडलेली पायवाट.

"आता तिथेही वाजतं," मी म्हटलं, "दाबून बघ."
त्याने दाबलं. वाजलं.
विरेपर्यंत ऐकत राहिला.
"छान आहे," म्हणाला. "कुणाची आहे ही?"

पितळ काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत.
सूर पुन्हा मेला, त्याचे खांदे सैल झाले,
आणि तो आपणहून बोलायला लागला:
कॅरॅव्हॅनच्या कारखान्याने घरी बसवलं त्या वर्षी
विकली होती. दोन वर्षांनी हातात पैसे आले तशी
दुसरी घेतली, नवी, एकही खोट नसलेली.
"तिच्यावर मी सगळ्यांसारखाच वाजायला लागलो."
मग हिला शोधत लीड्सपर्यंत गेला.
घेणाऱ्याने ती पलंगाखाली ठेवली होती,
तारांसकट, नशीब.
दुपटीने पैसे मोजले. मॉरीन आठवडाभर बोलली नाही,
आठव्या दिवशी म्हणाली, वाजव.

डाखाचे आठ पौंड लावले.
आधी सुधारलं, मग बिघडवलं, त्याचं काय लावायचं?
पावतीत त्याला रकाना नाही.
जाताना तो कागदात गुंडाळलेला एक हॅडक ठेवून गेला,
जसं काही इथे वासाचीच कमी होती.

रात्री मिरजेला फोन केला.
वडिलांना आता नीट ऐकू येत नाही,
दोनदा सांगावं लागलं सगळं.
बराच वेळ गप्प. मग विचारलं,
"जाताना बोट उचलतो का घासत नेतो?"
घासत, मी म्हटलं.
"मग तू कशाला हात लावलास?"