अर्धा आटा

तीन आठवडे माझ्या गोळ्या कागदभर हिंडत होत्या.
वरळीच्या रेंजवर, सहाव्या लेनमध्ये पालथी पडून
मी श्वास मोजला, चहा सोडला,
खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या घातल्या,
आणि रात्री कांजूरला, छताकडे बघत,
माझ्यातच कुठंतरी काहीतरी हलतंय
असं ठरवूनही टाकलं.

तोडणकरांनी बोल्ट काढला, चेंबर उजेडाकडे धरून बघितला,
मग दुर्बिणीला नुसता अंगठा टेकवला.
"बाय माझे, हो बेस हलता."

पण स्क्रू तर मी पिळून बसवलेत!
"घट्ट लागता. धरणा नाय."

चारही स्क्रू चहाच्या बशीत.
पुढचा त्यांनी चष्म्याजवळ नेला:
इतरांहून अर्धा आटा लांब.
भोकाच्या तळाला टेकायचा, तिथंच थांबायचा,
पाना अडायचा, मनगटाला वाटायचं झालं,
आणि डोकं बेसपासून कागदाइतकं वर.

गोदीत वीस टनी क्रेनी जुळवलेले हात
तांदळाएवढ्या लोखंडावर कानस फिरवत राहिले.
दोन घासे, एक फुंकर.
दोन घासे, एक फुंकर.

मला भोकं पुसायला लावली, ॲसिटोननं, कापसाची काडी
पांढरी बाहेर येईपर्यंत.
मी तेल हौसेनं घालायचे; या शहरात
लोखंड रात्रीत तांबूस होतं.
"गंजाक तेल. पकडीक कोरडा."

निळ्या औषधाचा एक थेंब. दोन नाही.
पुढचा थोडा, मागचा थोडा, परत पुढचा.
पाना टक् म्हणाला.
मी आणखी एकदा पिळायला गेले
तर हातावर चापट.

शेवटी माझ्याच पर्समधलं नेलपॉलिश मागितलं.
प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर उतरणारी
एक बारीक लाल रेघ.
"रेघ तुटली, तर तो हललो.
नाय तुटली, तर तू."
आणि रात्रभर हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दहा गोळ्या.
आठ, दहाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या.
दोन डावीकडे, लांब.

मी रायफल वळवून रेघा बघितल्या.
चारही सलग.

मग त्या दोन भोकांत करंगळी घालून
जरा वेळ तशीच उभी राहिले.
या माझ्या.