डाव्या हाताची काठी

काठी हलकी हवी, अंबूबाई म्हणाल्या,
भाजीच्या तराजूत टाकली तर पावशेराच्या आत.
आणि चाक नको.
एका हाताच्या माणसाला चाक म्हणजे दुसरा आजार.

गोऱ्हे बुद्रुकच्या उतारावर
मार्चात धरणाचं पाणी आपणहून मागं सरतं,
तिथं रिक्षा थेट काठापर्यंत जाते.
जागा हेही सामानच, मास्तर.
अशी बघायची, की पडलात तर मातीत पडाल.

मी नाना पेठेत तेहतीस वर्षं कोट शिवले.
मग एका सकाळी उजव्या हाताला
कात्री उचल म्हटलं,
त्यानं ऐकलंच नाही.
पाय येतो अजून, पण मागून, ओढत,
शाळेत न्यायच्या पोरासारखा.

बांबू सात फुटांचा. तंगूसही सातच फूट,
म्हणजे काठी उभी केली की गळ
झुलत छातीशी येतो,
त्याच्यामागं वाकत जायला नको.
हे माप मला लगेच पटलं.
बाहीची लांबी हातावरून ठरते,
गिऱ्हाइकाच्या हौसेवरून नाही.

शिसं नांदेड फाट्याच्या टायरवाल्याकडचं,
हरभऱ्याएवढं.
दातानं चेपायला गेलो तर मनगटावर फटका बसला:
शिसं तोंडात घालतात होय?
आता तरंग.
घरी तीन डाव्या चपला पडून होत्या, जवळपास कोऱ्या,
उजव्या फरफटून संपलेल्या.
त्यातल्या एकीच्या टाचेतून अंबूबाईंनी
पेरूएवढा तुकडा कापला,
मग बोराएवढा केला,
मध्ये झाडूची काडी खुपसली.
ती चप्पल आता माझ्यापेक्षा लांब जाते.

बुंधा पाइपच्या तुकड्यात,
पाइप प्लास्टिकच्या खुर्चीच्या हाताला
सायकलच्या ट्यूबनं आवळलेला.
शेंड्याला ब्लाउजच्या लटकनातलं घुंगरू,
डोळा लागला तर असू दे म्हणून.

पहिल्या रविवारी कणकेत हळद मळून
गोळ्या लावत होतो. एक गोळी लाल निघाली.
गळ माझ्याच उजव्या करंगळीत होता,
कधीचा कोण जाणे.
लोकलाजेस्तव तरी दुखावं,
तर तेही नाही.
दुसऱ्याच्या हाताकडं बघावं तसा बघत बसलो.
अंबूबाईंनी काढला, आत वळलेला काटा
मांस धरून होता, त्यांनाच घाम फुटला.
मग पकडीनं तो काटा चेपून सपाट केला.
अशानं मासा सुटेल की, मी म्हणालो.
तुम्हीही सुटाल, त्या म्हणाल्या
आणि पदराला बोटं पुसली.

तरंग हलला की ओढायचं नाही.
ते नुसतं हुंगणं.
बुडाला, आडवा चालू लागला, मग
मनगट वर. खांदा नाही, मनगट.
हे मी चार रविवार पाठ केलं
आणि चार रविवार कणीक खडकवासल्याला वाढली.

पाचव्याला घुंगरू वाजलं.
मला वाटलं शेळी आली.
वळून बघेपर्यंत काठी वाकलेली,
आणि डाव्या हातानं, ज्यानं जन्मभर
नुसतं कापड धरून ठेवायचं काम केलं,
मनगट वर केलं.

चिलापी. ओल्या पंचात घेऊन
गुडघ्यांत धरायची, म्हणजे एका हातानं गळ सुटतो.
सुटला.
खिशातली टेप काढली, सवयच ती.
लांबी साडेसहा इंच.
छाती घेत होतो तेवढ्यात अंबूबाई म्हणाल्या,
कोट शिवताय काय त्याला?
कापड आणा, मी म्हणालो,
आणि दोघं असे हसलो
की गुडघे सैल पडले,
गिऱ्हाईक उडी मारून
उतारावरून थेट पाण्यात.

टेप मांडीवर तशीच, ओली.
सहाच्या आकड्यावर एक खवला.