गालिचे झटकायची दांडी

ही दांडी मी तीस वर्षं ओळखते.
दोन खांब, मध्ये एक लोखंडी नळी,
ग्युमरीत, आमच्या चौथ्या इमारतीच्या मागे,
नवऱ्याने कारखान्यातून खांद्यावर वाहून आणलेली.
दर एप्रिलला हिच्यावर गालिचा टाकायचा
आणि वेताने झोडपून झोडपून
त्यातला हिवाळा बाहेर काढायचा.
हिला आपणही धरायचं असतं
हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

डॉक्टर म्हणाली, सिरवार्द, खांदा गोठलाय तुझा.
रात्रभर भट्टीत पाव सारणारा हात
केस विंचरायला डोक्यापर्यंत पोचेना.
तिसऱ्या मजल्यावरचा न्शान, सतरा वर्षांचा,
हनुवटी नळीवर टेकवून
सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत डोकावणारा,
म्हणाला, "मावशी, ओढू नका. नुसत्या लटका.
मी मोजतो."

अकरा.
अकराला बोटं सुटली.
बाकावरचा म्हातारा पार्गेव
फासे मुठीत धरून हसला, टाकायचे विसरला.
दुसऱ्या दिवशी नऊ.
आकडा खालीही जातो
हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग नेम.
नेम म्हणजे फार काही नसतं.
सहाला पाळी संपते,
अंगणात शिरल्यावर डावीकडे जिना, उजवीकडे दांडी,
आणि पाय कुठे वळतात
एवढाच प्रश्न, रोज कोरा करकरीत.
मारलीय मीही दांडी, नाही कशाला म्हणू?
खाडा झाला की दिनदर्शिकेवर कोळशाचा ठिपका.
रागाने नाही. उधारीच्या वहीसारखा.
फेब्रुवारी तर सगळा देवी आल्यासारखा दिसतो.

न्शानला लष्कराचं बोलावणं आलं.
जाताना खडूचा अर्धा तुकडा देऊ लागला,
हात घसरू नयेत म्हणून.
मी तळवे दाखवले, पिठाने पांढरे.
हसला. तुकडा तरी ठेवून गेला.

जानेवारीत लोखंड कातडी धरून ठेवतं.
म्हणून कपाट उघडलं,
नवऱ्याचे लोकरीचे हातमोजे काढले,
तो गेल्यापासून पहिल्यांदाच.
अंगठ्याला भोक होतं. रफू केलं नाही.
चाळीस आकडे. मग साठ.
मग पाय बाकावर टेकून अर्धं वर,
मग वरून सावकाश खाली,
इतकं सावकाश, की पार्गेव एक डाव हरायचा.
खांदा कधी सुटला ते आठवत नाही.
एक दिवस केस विंचरून झाले होते, इतकंच.

आणि एका सकाळी, बाक रिकामा असताना,
हनुवटी नळीला लागली.
थंड. गंजाचा वास.
नळीच्या वरच्या अंगाला,
जिथे खालून नजर जातच नाही,
गंजात रुतलेला एक लाल धागा दिसला,
आमच्याच गालिच्याचा.
मग हात थरथरले आणि मी जमिनीवर आले.
कोणी पाहिलं नाही.
घरी जाऊन चहा ठेवला, दोनदा साखर टाकली.

न्शान परत आला दोन वर्षांनी.
उजवा हात कोटाच्या खिशात,
जणू खिशातच राहतो आता.
सात दिवस तो दांडीपर्यंत यायचा,
खांबाला टेकून सिगरेट संपवायचा, जायचा.
मी माझे आकडे मोजत राहिले,
जरा मोठ्यानेच.

आठव्या दिवशी हातमोजे काढून
त्याच्यापुढे धरले.
"मावशी, माझ्याने आता..."
"ओढायला कोणी सांगितलंय?
नुसता लटक. मोजते मी."

चार.
चारला तो खाली आला,
भिंतीकडे तोंड करून उभा राहिला बराच वेळ.
मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.
पार्गेवने फासे टाकले, आवाज झाला.

"उद्या तीनच होतील कदाचित," मी म्हटलं,
"आधीच सांगून ठेवते."