टेप

फाटकाशी पितळी पाटी आहे,
तिच्यावर पान कोरलंय, पिंपळाचं की कशाचं
कुणी विचारलं नाही.
त्या पाटीसाठी अठरा महिने मी गुण जमवले:
पश्चिमेच्या काचेपुढे जाळी, राखेच्या विटा,
गच्चीला पांढरा चुना,
सायकलींचा स्टँड, त्याचे दोन.
सायकल अजून एकही नाही.

पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं,
मागचं कोतर बुजवू नका,
विश्वामित्रीचं पाणी त्याच वाटेनं चढतं
आणि त्याच वाटेनं उतरतं.
नकाशावर निळ्या पेन्सिलीनं रेघसुद्धा ओढली.
किरीटभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"बेन, एना पॉइंट केटला?"

मी यादी चाळली.
पुन्हा चाळली.
एकही नाही, म्हटलं.
त्यांनी चहा मागवला
आणि मी पुढच्या पानावर गेले.

कोतरात मग पाडलेल्या गोदामाचा राडारोडा पडला.
मलबा जागच्या जागी जिरवल्याचा
एक गुण मिळाला आम्हाला.
तोही मीच मागून घेतलेला.

परवा, आजव्याचं पाणी सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी,
वॉचमन दलसुखचा फोन:
मॅडम, तळघरात मगर.

विजेच्या गाड्यांसाठी राखलेल्या
हिरव्या चौकोनात ती पडून होती,
शेपूट चार्जरच्या खांबाला टेकवून.
डोळे उघडे. घाई कसलीच नाही.
जिन्यावर मुलं, मोबाइल,
चौथ्या मजल्यावरच्या शेलतबाई
खोडियारमाँ म्हणून हात जोडलेल्या.
आली कुठून, आली कशी, सगळे एकमेकांना विचारत होते.
मी गप्प.
माझ्या निळ्या रेघेवरून आली होती,
जराही न चुकता.

तोंड बांधून झाल्यावर
बचाव पथकातला एक पोरगा म्हणाला,
ताई, टेप असेल? रजिस्टरात लांबी लिहावी लागते.
टेप माझ्याकडे असतेच.
शेपटीकडचं टोक मी धरलं.
कातडं गार, आणि आत खोल कुठेतरी
काहीतरी चालू.
सात फूट दोन इंच.

तिला पिंजऱ्यातून नेलं.
मी तिथल्याच नळाखाली टेप धुवायला बसले.
नळ पाणी वाचवणारा, मीच सुचवलेला.
बारीक धार.
चिखल काही निघेना.