बाटली क्रमांक सत्तेचाळीस

डिसेंबरात कुरेसारेला दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
हेइनो येतो, कोटासकट काट्यावर उभा राहतो,
मग आठवतं, उतरतो, कोट काढतो.
तरीही दोन किलो जास्तच.
त्याच्या नडगीवर मी अंगठा दाबते.
खळगा पडतो, आणि रेंगाळतो,
काळ्या पावाच्या पिठावर राहावा तसा.

चाळीस वर्षं फेरीबोटींची इंजिनं सांभाळली त्याने.
म्हणतो, पंप असा घरघरला की आम्ही तेल बदलायचो,
प्रश्नावल्या नाही भरायचो.

नेहमीची औषधं चालूच. त्यावर
दोन कॅप्सूल सकाळी, दोन रात्री.
कुणाच्या बाटलीत जीवनसत्त्व, कुणाच्या तांदळाचं पीठ,
मला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही.
आंधळी कोशिंबीर,
फक्त इथे पट्टी सगळ्यांच्याच डोळ्यांवर.

उरलेल्या मोजणं माझं काम.
बाटली उलटी करते ट्रेमध्ये.
वीस उरायला हव्यात.
एकही नाही.

हेइनो खिडकीबाहेर बघतो. बाहेर काही नाही, अंधार आहे.
"काल्योला दिल्या," म्हणतो.
काल्यो त्याचा शेजारी. मूत्रपिंडाच्या आकड्यावरून
आम्हीच त्याला दारातून परत पाठवलेला.
"रात्रीच्या दोन त्याच्या. वरच्या वीसही.
आता म्हणतो, जिना एका दमात चढतो."

आणि तू?

"मी अर्ध्यावर थांबतो.
पण मी पहिल्यापासूनच सावकाश."

कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं त्याला.
तीनशे दहा मीटर. सप्टेंबरातही तीनशे दहाच.

फॉर्मवर 'नियमभंग' असा रकाना आहे,
त्याखाली चार ओळी.
घासातला घास काढून दिला, असं त्यात लिहिता येत नाही.
शिवाय घास होता की नुसतं पीठ,
तेही पाकीट उघडेपर्यंत कुणी सांगू शकत नाही.
मी लिहिते: गोळ्या अन्य व्यक्तीस दिल्या.
तारीख. सही. लूले तांबेर्ग.

तो गेल्यावर काल्योला फोन लावते.
रक्त तपासायला ये म्हणावं, उद्याच, उपाशीपोटी,
आणि त्या गोळ्या आधी बंद कर.
घंटा वाजत राहते. आठ. नऊ.
मग उचलतो, शब्द फुटत नाही त्याला.
"खाली होतो," म्हणतो शेवटी, "धावत वर आलो."

पेन हातातच राहतं.
निरोप सांगायचा राहतो,
मी त्याची धाप मोजत बसते.