सहावा रॉड

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शटर अर्धं वर. बाहेर त्रेचाळीस डिग्री,
आत मोजमापाच्या खोलीत बरोबर वीस.
तो एसी माणसांसाठी नाही,
मायक्रोमीटरसाठी आहे.

उबैदनं तीन खोकी आणली.
चकचकीत. होलोग्राम जागच्या जागी.
"मेस्त्री, तेच आहे सगळं, निम्म्या किमतीत."
म्हटलं, हजार हॉर्सपॉवर खोक्यातून काढायची नाहीये,
उघड.

क्रँक घडीव होता. तो ठेवला.
जर्नलच्या कडेच्या गोलाईतून नख फिरवलं,
कुठं अडलं नाही.
पिस्टन एकेक तराजूवर:
सहाही एका ग्रॅमच्या आत. ठीक.
सुतावरून स्वर्ग गाठणारे गावाकडं पुष्कळ पाहिले,
इथं सूत म्हणजे समुद्र झाला,
आम्ही मायक्रॉनात भांडतो.

रॉड मात्र मी दोऱ्याला टांगतो.
पुस्तकात नाही हे.
उद्यमनगरच्या शेडमध्ये बाबालाल अत्तार टांगायचे,
पितळी दांडीचा हलका टोला,
मग डोळे मिटून ऐकायचे,
आतल्या खोलीतून कुणी हाक मारावी तसं.

पहिला वाजला, लांबवर.
दुसरा तसाच.
तिसरा, चौथा, पाचवा,
एकाच सेटमधल्या ताटांसारखे.
सहावा वाजला,
पण लवकर गप्प झाला.

उबैदला काही कळलं नाही.
गुलरेज म्हणाला, सेम है उस्ताद.
वजन केलं: तेवढंच.
मोठं तोंड, लहान तोंड: मापात.
चुंबक लावून पावडर सोडली,
खोलीतले दिवे घालवून जांभळा लावला.
हिरवी रेघ उमटली नाही.
कागदावर तो निर्दोष.

म्हटलं, हा बसणार नाही.
"का?"
आता काय सांगू, का.

"ओतीव आहे?" त्यानं विचारलं, शिवी दिल्यासारखं.
ओतीवला नावं ठेवू नकोस, बाबा.
माझा बाप शिरोलीत तीस वर्षं ओतकाम करत होता,
त्याच्या हातची चाकं अजून उसाच्या चरकात फिरतायत.
सावकाश फिरणाऱ्या कामाला ओतीव सोनं.
पण मिनिटाला आठ हजार फेऱ्या,
समोर वाळूचा उभा डोंगर,
पिस्टनला वरच्या वर जायचंय
आणि रॉडनं त्याला खाली खेचायचंय,
दर फेरीला, न चुकता.
तिथं घण खाल्लेलंच लागतं.
सहावाही घण खाल्लेलाच होता, म्हणे.

बोल्टचं वेगळं. त्याला आम्ही ताणतोच.
आवळण्याआधी लांबी वहीत लिहायची,
आवळून पुन्हा मोजायची.
मिलीमीटरचा सातवा भाग वाढला पाहिजे,
आणि सोडल्यावर मूळ मापावर परत.
केसभर जरी लांब राहिला,
तर दिसायला कितीही नवा असो, टाकायचा.

मला इथं एकोणीस वर्षं झाली.
सुट्टीला घरी जातो, दारात वाकून चपला काढतो.
माझं माप कुणी घेत नाही, बरं आहे.

एक रॉड बदलून भागत नाही.
वजनाची जोडी जमत नाही, सहाच्या सहा जातात.
पाच चांगले होते, तेही गेले.
उबैद तीन दिवस बोलला नाही.
चौथ्या दिवशी पूर्ण संच आणला, पूर्ण किमतीत,
आणि माझ्यासाठी कडक चहा, न विचारता.

गाडी लिवाची टेकडी चढली.
त्यानं व्हिडिओ पाठवला: वाळू, धूर,
कुणाची तरी उडालेली टोपी.
इंजिनाचा आवाज नीट आलाच नाही,
फोनचा स्पीकर फाटका.

तो रॉड बसवला असता, तरी चढली असती कदाचित.

सहावा माझ्या टेबलावर असतो, बिलांवर.
शटर ओढण्याआधी कधी त्याला दोऱ्याला टांगतो,
टोला मारतो.
कधी लवकर गप्प होतो.
कधी वाजत राहतो, पाचव्याइतकाच,
आणि मी दोरा धरून उभा,
गुलरेज बाहेरून विचारतो,
उस्ताद, ताला लगाऊँ?