चाकांचं धनुष्य

अमरावतीहून भाचा आला, बिसराम,
पाठीवर पेटी. पेटीत धनुष्य,
दोन्ही टोकांना चाकं.
आणखी एक डबी : डोळ्याला लावली
की समोरचा मोह किती मीटरवर ते सांगते.
सत्तेचाळीस, म्हणाला.
मी त्या मोहाला इतकी वर्षं
चुलत्याएवढा जवळचा समजत होतो.

माझं बांबूचं. ओढलं की खांदा बोलतो,
तीन श्वासांत सोडावं लागतं,
नाहीतर हातच थरथरून नाही म्हणतो.
बाप सांगायचा, डुकराच्या तोंडाचा वास येईल
इतकं जवळ जा; त्यालाही तुझा येऊ दे.
पळालं, तर त्याचं.

हे सांगताना एक मी दरवेळी गाळतो :
ती सांबरीण. तीर पोटात.
दोन रात्री रक्तामागे चाललो,
सिपनेच्या काठाशी थेंब संपले.

बिसराम म्हणतो, मामा, माझा तीर
कुणाला असं अर्धवट ठेवत नाही.
असेल. खरंच असेल.

काल मक्यात डुक्कर शिरलं. चांदणं होतं.
त्यानं ओढलं. चाकं फिरली, भार त्यांनी घेतला,
हात असा, जणू खाटेवर ठेवलेला.
मी मोजत होतो. तीन श्वास. दहा. वीस.
डुक्कर कणीस चावत होतं,
आम्ही त्याच्या जगातच नव्हतो.

मग त्यानं दोरी हळूच परत आणली.
मी काही विचारलं नाही.
"कायदा आहे," तो आपणहून म्हणाला,
आणि जरा वेळानं, "त्याला तर माहीतच नव्हतं."

मी खोकलो. मोठ्यानं.
मका हलला.